बाहेर गेलेली पावलं

जोडा कसा निवडायचा हे विजयकुमार भुसारीला शिकवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता! निदान त्याचं स्वतःचं तसं ठाम मत होतं, आणि आपली मतं मनात ठेवायची त्याला सवय नव्हती.

"मी रेल मिलच्या इन्स्पेक्शनमधला माणूस आहे," तो म्हणे. "रूळ थंड होऊन समोर आला की केसाएवढी भेग मले लांबून दिसे. अन् आता जोडा पाहाले दुसऱ्याचे डोळे पाहिजे मले?"

रिटायर झाल्यापासून हे ऐकायला फक्त प्रेमला होती. आणि प्रेमला, त्याची बायको, गेलं वर्षभर काही ऐकत नव्हती. सासू गेल्यापासून तिचं कशातच मन नव्हतं. सासूला ती आत्याबाई म्हणे. शेवटचे काही महिने आत्याबाई अंथरुणावर होत्या, आणि त्यांचे पाय दाबण्यात प्रेमलाच्या दुपारच्या दुपारी जात. आत्याबाई गेल्या आणि हातांना कामच उरलं नाही. एकुलती मुलगी उत्कर्षा पुण्याला नोकरीला. भिलाईजवळच्या कोहक्यातल्या त्या घरात दोन माणसं आणि एक टीव्ही राहत होता, आणि बोलायचा तो टीव्हीच.

त्यात विजयकुमारची साखर वाढली.

डॉक्टरांनी तळव्याला टाचणी टोचून विचारलं, "लागलं?"

"नाही!"

"इथे?"

"अजिबात नाही!" विजयकुमारने छाती फुगवून सांगितलं. त्याला वाटलं, आपण पास झालो. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. रोज चाला. पायाला नीट बसणारा जोडा घ्या. आणि रोज तळव्याखाली आरसा धरून बघा, कारण तुमच्या पायाला काही झालं तर पाय तुम्हाला कळवणार नाही.

पैकी चालणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्याने पळायचं ठरवलं. जोड्याचं तर कोणी सांगायलाच नको होतं. आणि आरसा? साठी उलटलेल्या माणसाने पलंगावर उताणं पडून स्वतःचे तळवे आरशात बघायचे? प्रेमलाने बघितलं तर काय म्हणेल! आरसा जिथे होता तिथेच राहिला.

वरवर असा ताठा असला तरी आतून तो घाबरलेला होता. त्याचा थोरला भाऊ गुलाबराव खाणीतून रिटायर होऊन नंदिनी नगरला राहतो. त्याचीही साखर. चपलेचा पट्टा घासून डाव्या पायाला फोड आला, फोडाचं पुढे काय काय झालं, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय गेला. विजयकुमार भेटायला गेला तेव्हा दारात उजव्या पायाचा एकटाच जोडा ठेवलेला होता.

"दुखलं असतं तं पाह्यलं असतं ना विजू," गुलाबराव म्हणाला. "दुखलंच नाही बापा. हेच तं वांधे आहे."

परतीच्या बसमध्ये विजयकुमार आपल्या दोन पायांकडे बघत बसला. दोघा भावांचं सगळंच सारखं होतं. तोंडवळा सारखा, टक्कल सारखं, साखर सारखी. पुढचंही सारखंच निघालं तर? बाकी काही नको, पाय वाचला पाहिजे, एवढंच त्याच्या मनात उरलं.

दुसऱ्या दिवशी तो पळायला लागला. सेफ्टी शूज घालून!

भिलाईत घराघरांतून माळ्यावर सेफ्टी शूजचे न उघडलेले डबे असतात. प्लांटमधून नवा जोडा मिळाला की तो ठेवून द्यायचा आणि जुना फाटेस्तोवर ओढायचा, अशी इथली रीत. नवा कशासाठी ठेवायचा हे कोणाला विचारू नये. विजयकुमारनेही माळ्यावरचे नवे जोडे तसेच ठेवले आणि जुना काढला. बोटांवर लोखंडी टोपी, तळवा जाडजूड. त्याचा सोल एका बाजूने सुटला होता, तर याने स्वतःच हातोडी घेऊन दोन खिळे ठोकले आणि वर हातोडीने ठोकून खात्री करून घेतली.

मैदानावर तो पळायला लागला की ठाक ठाक असा आवाज यायचा. पुढे चालणाऱ्या बायका दचकून बाजूला व्हायच्या. कुत्री आधी भुंकायची, मग जवळ येऊन जोडा बघायची आणि मुकाट्याने निघून जायची. थोड्याच दिवसांत अंगठ्याचं नख काळं पडलं. ते वरून दिसत होतं म्हणून प्रेमलाला दिसलं.

"हे काय करून राहिले तुमी?" वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "गुलाबभाऊजींचं पाह्यलं ना? चांगला पळाचा जोडा घ्या, नाही तं घरात बसा!"

म्हणून तो भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारात जोड्याच्या दुकानात गेला. जाताना खिशात व्हर्नियर घेतला. व्हर्नियर म्हणजे जाडी मोजायचं ते सरकपट्टीचं माप. रिटायर होताना लोक घड्याळ घेऊन येतात, हा ते घेऊन आला होता.

दुकानदाराने समोर रंगीबेरंगी जोड्यांचा ढीग घातला. एक पोपटी, एक गुलाबी, एक असा केशरी की डोळे दिपावेत. विजयकुमारने एकेकाच्या टाचेची जाडी मोजली, नाकाजवळ नेऊन शिवण तपासली, जोडा पिळून बघितला.

"इसका माल नरम है," त्याने निकाल दिला.

"अंकल, रनिंग शू है, नरम ही रहता है। आपका आर्च कैसा है?"

"आर्च?"

"पैर के नीचे का। फ्लॅट है, नॉर्मल है, हाय है? पैर अंदर को गिरता है कि बाहर को?" दुकानदार डब्यावरचं वाचूनच बोलत होता, पण आवाज असा की जणू हा शोध त्यानेच लावला. "उसके हिसाब से जूता आता है। बिना जाने ले जाओगे तो घुटना जाएगा।"

चालताना आपला पाय आत पडतो की बाहेर, हे विजयकुमारला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर त्याने रुळाचा तळ बघितला होता, पायाचा कधीच नाही.

"पहले अपना पैर तो समझिए, अंकल!" दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

विजयकुमार रिकाम्या हाताने घरी आला. अपमान फार लागला. टाचणी लागत नव्हती, पण हे लागलं!

उत्कर्षाला फोन केला तर ती हसायला लागली. ती पुण्यात सकाळी पळणाऱ्यांच्या टोळीत होती. "बाबा, सिंपल है! पाय ओला करा, फरशीवर उमटवा, फोटो काढून मला पाठवा. पूरा तळवा छपा तो फ्लॅट फूट. मधे पोकळी दिसली तर नॉर्मल. मग मी इथून बरोबर शूज ऑर्डर करते."

"अन् चाल कशी समजन?"

"दहा-बारा पावलं चाला ना. नॅचरल चालायचं हं, मिरवणुकीसारखं नाही!"

नेमकं हे बोलणं झालं महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी.

भुसारींच्या घरी महालक्ष्म्या कडक. कडक म्हणजे, त्यांच्यात थोडंही कमीजास्त चालत नाही असं सगळे मानत आले. सगळं आत्याबाई करायच्या. गेल्या वर्षी त्यांच्याच सुतकामुळे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा प्रेमलाने पहिल्यांदा एकटीने मांडायच्या होत्या, आणि तिला रात्र रात्र झोप नव्हती. त्यात तिने एक धाडस केलं होतं. पुरणपोळ्या विकत आणायचं ठरवलं होतं! कोहक्यातल्याच एका बाईला सांगितलंही होतं. आत्याबाई असत्या तर विकतच्या पुरणपोळीला त्यांनी उंबरा ओलांडू दिला नसता. तेव्हापासून प्रेमला आत्याबाईंच्या फोटोकडे बघायचं टाळत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयकुमार मैदानावर ठाक ठाक करून घरी आला. घरात कोणी नव्हतं. मुखवट्यांखालच्या उभ्या कोठ्यांना साड्या नेसवायला प्रेमला शेजारच्या नलूला बोलवायला गेली होती. देवघरासमोर तिने वाटलेल्या तांदळाचं पांढरं पाणी पसरट भांड्यात कालवून ठेवलं होतं. मूठ त्यात बुडवून दारापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची इवली इवली पावलं उमटवायची, ती नंतर.

त्याने मोजे काढले आणि आधी साध्या पाण्याने करून बघितलं. चष्मा आणेपर्यंत ठसा वाळून गेला. मग वर्तमानपत्र अंथरून त्यावर उभा राहिला, तर ठशाऐवजी बातमीच वाचत बसला. शेवटी नजर त्या भांड्याकडे गेली.

थोडंसंच तर लागेल! प्रेमला यायच्या आत पुसून टाकू!

त्याने दोन्ही पाय त्या पाण्यात बुडवले आणि देवघरापासून बाहेरच्या दारापर्यंत नॅचरल चालत गेला. काळ्या कडप्प्यावर पावलं काय सुंदर उमटली! ठसठशीत, पांढरीशुभ्र, अंगठ्यासकट. त्याने वाकून बघितलं. डाव्या पावलात, अंगठ्याच्या मुळाशी, प्रत्येक ठशात एक लाल ठिपका होता. दाराकडे जाता जाता मोठा होत गेलेला.

"देवघराजवळचं कुंकू लागलं वाट्टे," इन्स्पेक्शनवाल्याने शेरा मारला आणि फोटो काढला.

अंगणातल्या नळावर त्याने पाय धुतले, पायांत मोजे चढवले आणि फोटो पाठवायला गच्चीवर गेला, कारण त्या सकाळी घरातली मोबाइलची रेंज गेली होती. फोटो जाता जात नव्हता. गोल फिरणारं चक्र बघत तो उभा होता, तेवढ्यात खालून किंकाळी आली.

तो धावत खाली आला. प्रेमला दारात मटकन बसली होती. नलू तिला धरून उभी होती.

"आत्याबाई!" प्रेमला हुंदके देत होती. "नलू, हे आत्याबाईंचे पाय आहेत! असा सपाट तळवा, असा बाजूला फाकलेला अंगठा... या हातांनी दाबले मी! मी नाही ओळखणार तं कोण ओळखन?"

विजयकुमारने पावलांकडे बघितलं आणि मग हळूच आपल्या मोज्यांकडे. आईचे पाय आपल्याला आले आहेत, हे त्याला या वयात कळत होतं.

"प्रेमला, अवं, ते पाय तं..."

"तुमी चूप बसा!" ती ओरडली. "बाहेर जाऊन राहिले पाय! पाहा ना! देवघरातून उठल्या अन् दारातून निघून गेल्या. महालक्ष्म्यांच्या दिवशी! विकतच्या पुरणपोळ्या खपल्या नाही त्यांले. म्हणून गेल्या!"

ती इतकी रडली की विजयकुमारच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. वर्षभर ही बाई रडली नव्हती. आत्याबाईंना नेलं त्या दिवशीसुद्धा नाही. ते सगळं आता, उंबऱ्यावर बसून, बाहेर येत होतं.

आता सांगायलाच हवं, असं ठरवून त्याने खाकरून घसा साफ केला, तोच नलू वाकली. "अवो माय! प्रेमलाबाई, हे पाहा! कुंकू! रागावून गेल्या असत्या तं कुंकवाचं पाऊल कावून ठेवलं असतं?"

प्रेमलाचे हुंदके थांबले.

"अन् महालक्ष्म्या कुठून येते घरात? दारातून! त्यांले आणाले कोणी तरी बाहेर जावं लागते का नाही?" नलूचं डोकं एकदा चाललं की थांबत नसे. "तुमी एकट्या पडल्या म्हणून आत्याबाई सोता गेल्या महालक्ष्म्यांले घेवाले! म्हणून पाय बाहेर जाऊन राहिले!"

प्रेमलाने डोळे पुसले. ठशांकडे बघितलं. आणि मग विजयकुमारला जे दिसलं त्याने त्याच्या जिभेला कायमचं कुलूप लागलं. प्रेमला हसली. थोडंसंच, पण हसली. या घरात हसू कसं दिसतं हे तो विसरूनच गेला होता.

कोण सांगणार आता खरं? सांगा बरं तुम्ही!

पुढचं सगळं हाताबाहेर गेलं. विकतच्या पुरणपोळ्या रद्द झाल्या. प्रेमलाने पदर खोचला आणि डाळ शिजायला टाकली. नलूने गल्लीत दोन घरी सांगितलं, त्या दोन घरांनी बाकीच्या घरांना. दुपारपर्यंत दाराबाहेर चपलांचा खच पडला. बायका येऊन पावलांना हात लावून कपाळाला लावत होत्या. कोणी फुलं ठेवली, कोणी सुपारी. एका छत्तीसगढी म्हातारीने, जिच्या बोलीत आईला दाई म्हणतात, पावलापाशी नारळ ठेवला आणि "जय हो दाई!" म्हणून विजयकुमारच्या उजव्या पायाच्या ठशासमोर लोटांगण घातलं. तो भिंतीला चिकटून उभा होता. घामाने त्याची बनियन भिजली होती.

"भाऊजी, घरात मोजे कावून घातले?" नलूने विचारलं.

"थंडी वाजून राहिली," तो म्हणाला. बाहेर भादव्याचं ऊन रणरणत होतं.

मोजे काढायची त्याची हिंमत नव्हती. शेजारी शेजारी ठसे आणि पाय दिसले की शाळकरी मुलालासुद्धा समजलं असतं.

संध्याकाळी गुलाबराव कुबडीवर आला. वहिनी गयाबाई त्याला धरून होती. त्याला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, पावलांच्या अगदी शेजारी. तो बराच वेळ खाली बघत राहिला. आईच्या आठवणीने भरून आलं असेल म्हणून कोणी त्याला हटकलं नाही.

मुखवटे दारातून आत आणले. ताट-चमचे वाजले, हळदकुंकू उधळलं, बायकांनी महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली, सोन्यामोत्याच्या पावलांनी आली, असा गजर केला. प्रेमला थोरल्या मुखवट्याला छातीशी धरून त्या पांढऱ्या पावलांच्या शेजारून चालत आली. तिचा चेहरा उजळला होता. विजयकुमारला वाटलं, चला, निभावलं! उद्या ना परवा पावलं पुसली जातील, आणि गोष्ट माझ्यासोबत जाईल.

तेवढ्यात उत्कर्षाचा व्हिडिओ कॉल आला.

तिला दर्शन घडवायला नलूने फोन हातात घेतला आणि मांडणीसमोर उंच धरला. आवाज मोठा केलेला होता. सगळ्या बायका फोनकडे बघून हात हलवत होत्या.

"आई, क्या मस्त मांडणी आहे! बाबा कुठे आहेत? बाबा! दिवसभर मीटिंगमध्ये होते, आत्ता फोटो पाहिला तुमचा!"

विजयकुमारने झेप घेतली. मधे गयाबाई होती, समई होती, पाटावरचं ताट होतं. तो पोहोचेपर्यंत वाक्य पुरं झालं होतं.

"एकदम फ्लॅट फूट आहे बाबा तुमचा! आणि पाय आत पडतो. किती क्लिअर प्रिंट आली, तांदळाचं पाणी घ्यायची आयडिया सॉलिड! आता सपोर्टवाले शूज मागवते!"

फोनकडे हलणारे हात हवेतच थांबले.

"कोनाचा पाय म्हणाली?" मागून कोणी तरी विचारलं.

छत्तीसगढी म्हातारीने उठून आपला नारळ परत घेतला. एक बाई फिस्सकन हसली, मग दुसरी, आणि मग हसण्याचा असा लोट आला की नलूच्या हातातला फोन थरथरायला लागला. प्रेमला हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड विझला. ती नुसती ठशांकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं विजयकुमारला वाटलं. त्याला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं.

"विजू." हा आवाज गुलाबरावचा होता. तोही हसत नव्हता. "पाय तुहे, हे मले आल्याबरोबर समजलं. माहाबी एक तसाच होता. पण हे लाल काय आहे?"

"कुंकू... देवघराजवळचं..."

"कुंकू असतं तं पहिल्या पावलाले जास्त असतं. हे तं दाराकडे जाता जाता वाढून राहिलं." गुलाबरावने कुबडी ठोकली. "मोजा काढ."

"दादा, सगळ्यांच्या देखत..."

"मोजा काढ म्हणतो ना!"

हसणं थांबलं. प्रेमला त्याच्यासमोर खाली बसली, त्याचा डावा पाय तिने मांडीवर ओढून घेतला आणि मोजा खेचला. मोज्याचा पंजा आतून काळपट ओला झाला होता. अंगठ्याच्या मुळाशी भोक होतं. लहानसंच, पण खोल, आणि त्यातून अजून रक्त येत होतं. विजयकुमार वरून बघत होता, दुसऱ्याच कोणाचा पाय बघावा तसा. त्याला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं.

गुलाबरावने दारातला डावा सेफ्टी शू उचलला आणि आत हात घातला. हात लगेच बाहेर आला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. विजयकुमारनेच ठोकलेला खिळा सोलमधून वर आला होता.

"हात घालून पाह्यलं होतं का कधी?"

विजयकुमारने नकारार्थी मान हलवली. आयुष्यभर दुसऱ्यांचा माल परत पाठवलेला माणूस तो!

महालक्ष्म्यांना तसंच सोडून त्याला दवाखान्यात नेलं. ऑटोत त्याचा पाय प्रेमलाच्या मांडीवर होता. तिने तो दोन्ही हातांनी असा धरला होता, जणू सोडला तर पळून जाईल. तो वाटेत दोनदा म्हणाला, "दुखत नाही ना." दोन्ही वेळा ती रडली.

डॉक्टरांनी जखम कापून साफ केली, इंजेक्शनं दिली आणि आरशाचं काय झालं ते विचारलं. विजयकुमार छताकडे बघायला लागला. वेळेत आलात, डॉक्टर म्हणाले. आणखी चार-सहा दिवस तसेच पळत राहिला असतात तर अंगठा गेला असता, आणि अंगठ्यावर थांबलं असतं असंही सांगता येत नाही.

घरी आल्यावर तो पलंगावर पडून राहिला. धीर गोळा करून म्हणाला, "प्रेमला, चूक झाली. सकाळीच सांगाले पाह्यजे होतं. आई नव्हती ती. मीच होतो."

ती औषधं लावून ठेवत होती. "मले माईत आहे तुमी होते," ती म्हणाली. "पण तुमाले त्या पाण्यात पाय घालाले कोणी लावलं? जन्मात कधी तळवा पाह्यला तुमी? आज कसा आठवला? महालक्ष्म्यांच्याच दिवशी कसा आठवला?"

यावर दुकानदार, उत्कर्षा आणि पोपटी जोडे अशी लांबलचक उत्तरं होती. विजयकुमारने त्यातलं एकही दिलं नाही.

"आत्याबाईंनी चालवलं तुमाले," प्रेमला म्हणाली आणि दिवा लावायला गेली. तीन दिवस तिने पावलं पुसू दिली नाहीत.

उत्कर्षाने मागवलेले जोडे आठवड्याने आले. फ्लॅट पायासाठी खास, आतून आधार असलेले, बरोबर मापाचे. विजयकुमारने व्हर्नियर लावला, सगळं अगदी चोख निघालं. पण पायाला पट्टी होती, आणि जखम भरल्यावरही डॉक्टरांनी पळायला साफ मनाई केली. साखरेच्या रोग्यांना देतात त्या काळ्या, रबरी, पट्ट्यांच्या चपला लिहून दिल्या. अशा चपला की भिकाऱ्यानेही पळवल्या नसत्या. नवे जोडे डब्यासकट माळ्यावर गेले, सेफ्टी शूजच्या शेजारी. रीतच आहे ती.

आता रोज सकाळी बाहेर पडण्याआधी तो अंगणातल्या खुर्चीवर बसतो. प्रेमला खाली बसून त्याचे दोन्ही पाय मांडीवर घेते, वाकून, चष्मा नाकावर सरकवून एकेक बोट फाकवून बघते. तिने "पास" म्हटलं तरच तो फाटकाबाहेर जातो. एकदा टाचेला जरा चीर दिसली तर तिने सगळा माल परत पाठवला होता.

हे नलूला तिच्या खिडकीतून दिसतं. तिने गल्लीभर सांगितलं आहे की त्या दिवसापासून प्रेमलाबाई रोज सकाळी नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवते. त्यावरून दोन-तीन घरांतल्या नवऱ्यांनी आपापल्या बायकांना टोमणे मारले आणि बोलणी खाल्ली. मैदानावर लोक विजयकुमारकडे जरा वेगळ्याच आदराने बघतात.

तो कोणाला खरं सांगत नाही. मान खाली घालून चपलांपाशी वाकतो, आणि पाय घालण्याआधी दोन्ही चपलांवरून हात फिरवून बघतो. उघड्या चपला त्या, आतलं सगळं वरूनच दिसतं.

तरी बघतो.